कूलर माझ्या खोलीत होता

ताई गेली त्या दिवशी घरातला एकुलता एक कूलर माझ्या खोलीत होता. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मला लपवाछपवी करता येणार नाही.

अकोल्याचा मे महिना होता. पीएचडीचा प्रबंध संपवायला मी घरी आलो होतो. माझा विषय ऐकला की पाहुणे गुपचूप चहाकडे वळायचे. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, लग्न न करता आईसोबत घर ओढणारी. तिने मात्र एकदा समोर बसवून विचारलं. मी सांगितलं, सूर्यात अणू जुळून ऊर्जा निघते, तेच इथे घडवायची भट्टी असते. तिच्या तळाशी धुराड्यासारखी वाट असते, तिथून तापलेला प्लाझ्मा, म्हणजे विद्युतभारित वायू, बाहेर पडतो. तो तसाच खालच्या धातूवर आदळला तर धातू वितळेल. म्हणून मध्ये थंड हायड्रोजन सोडतात. त्याचे रेणू, म्हणजे दोन-दोन अणूंच्या जोड्या, मध्ये येतात, थरथरतात, प्लाझ्मातल्या भारित अणूंचा विद्युतभार स्वतःवर घेतात आणि फुटतात. तेवढा मारा कमी होतो.

"अन् त्या जोड्याइले तू मोजतं का?" तिने विचारलं.

मोजत नव्हतो. माझी गणना नुसत्या सुट्या अणूंवर चालायची, म्हणून धातूजवळचं तापमान प्रयोगाशी जुळत नव्हतं. मार्गदर्शकांनी त्याच कारणासाठी प्रकरण दोनदा परत पाठवलं होतं. तेव्हा मी रेणू धरून सगळं नव्याने लावलं. एक गणना तीन दिवस चाले, आणि आमच्या उन्हात लॅपटॉप तापून मध्येच बंद पडे. मग ताईनेच बैठकीतला कूलर ढकलत माझ्या खोलीत आणला. सकाळी त्यात पाणीही तीच भरायची. मी एकदाही उठलो नाही.

गणनेचा तिसरा दिवस होता. आईने कुरड्या घालायला घेतल्या होत्या. चीक शिजायला उशीर झाला आणि तो वाया जाऊ नये म्हणून ताई बारा वाजून गेले तरी गच्चीवर सोऱ्या दाबत बसली. एकच्या सुमारास ती खाली आली, डोकं दुखतं म्हणाली आणि मधल्या खोलीत फरशीवर आडवी झाली. आईने पन्हं दिलं, तळपायांना कांदा चोळला. ऊन लागलं की आमच्याकडे हेच करतात आणि बहुतेक वेळा त्याने भागतंही. त्यामुळे घाबरावं असं कुणाला वाटलं नाही. दारातून मी पाहिलं तर तिचा चेहरा लाल होता आणि अंगावर घामाचा थेंब नव्हता. भौतिकशास्त्र शिकलेल्या माणसाला उष्माघात ओळखायला एवढं पुरायला हवं होतं.

आई म्हणाली, कूलर थोडा वेळ इकडे घे. मी घड्याळ पाहिलं. गणना संपत आली होती. तेवढ्यात ताईच बोलली.

"राहू दे वं माय. त्याचं काम होऊन राहिलं."

मी आत गेलो. हे वाक्य मला सोयीचं होतं, म्हणून मी ते खरं मानलं.

दोन चाळीसला आलेख आला. तापमान धातूच्या आधीच खाली कोसळलं होतं, प्रयोगात दिसलं होतं तसंच. मी आनंदाने बाहेर धावलो. ताई असंबद्ध बडबडत होती, मला बाबा समजत होती. बाबा जाऊन नऊ वर्षं झाली होती. ऑटोने दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी बर्फ लावला, सलाईन लावलं. उन्हं उतरायच्या आत ती गेली. दोन तास आधी आणायला हवं होतं, एवढंच ते म्हणाले. आई माझ्याकडे न बघता कांद्याचा वास येणारे हात पदराला पुसत राहिली.

तोंडी परीक्षेत परीक्षकांनी नेमका तोच आलेख वाखाणला. रेणूंची दखल घेतलीत हे उत्तम, म्हणाले. मी मान हलवली.

आता मी अमरावतीला कॉलेजात शिकवतो. उन्हाळ्यात अकोल्याला गेलो की आई कूलर माझ्याच खोलीत लावते आणि स्वतः मधल्या खोलीत, त्याच फरशीवर निजते. मी नको म्हणतो, ती ऐकत नाही. दुसऱ्यांदा मी म्हणत नाही. कूलरसमोर मला चटकन झोप लागते.