घर फक्त घरच्यांसाठी
नोरीन डर्कनने अठ्ठावीस वर्षं आमच्या भागातली माणसं वर पोचवली, असं लोक गमतीनं म्हणतात. सकाळी नऊच्या बातम्या संपल्या की खाजगी रेडिओवर तिच्या आवाजात निधनवार्ता लागतात, आणि आयर्लंडमधल्या मेयो जिल्ह्याच्या या टोकाला तेवढा वेळ कुणी चहाची किटलीसुद्धा चढवत नाही. डब्लिनचा सरकारी रेडिओ मंत्र्यांची भाषणं ऐकवणार. पण पलीकडच्या वळणावरचा म्हातारा गेला, त्याचं दर्शन कधी, माती कधी, हे कोण सांगणार? नोरीनच. तिनं वाचल्याशिवाय माणूस गेला असं आमच्याकडे कुणी धरतच नाही.

रीत अशी, की मयताचं घर सगळ्यांना उघडं. जावं, उघड्या शवपेटीतला चेहरा बघावा, घरच्यांशी हात मिळवावा, 'वाईट झालं हो' म्हणावं, चहा-सँडविच घेऊन निघावं. कुणाला हे नकोच असेल, तर वार्तेच्या शेवटी एक ओळ येते : घर फक्त घरच्यांसाठी. ती ओळ ऐकली की मग सख्खा शेजारीही पायरी चढत नाही.

तर या नोरीनचा थोरला भाऊ मॅलकी. जन्म सगळा सरकारी रेडिओत तंत्रज्ञ म्हणून काढला. खाजगी रेडिओला परवानाच नव्हता त्या काळात नोरीन आणि तिच्या दोन मैत्रिणी औषधाच्या दुकानावरच्या खोलीतून चोरून गाणी लावायच्या. एका सकाळी सरकारी साहेब लोक आले आणि प्रक्षेपणाचं यंत्र उचलून घेऊन गेले. आदल्याच आठवड्यात मॅलकी घरी येऊन गेला होता. झालं, चुगली त्यानंच केली हे बाईसाहेबांनी ठरवून टाकलं. तिनं विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. निवृत्त होऊन तो सहा मैलांवर राहायला आला, चर्चमध्ये दोन बाकं सोडून बसायला लागला, तरी बोलणं नाही. दोघंही एका हाडाची. कुणी समजवायचं?

मार्चमधला मंगळवार. सकाळी सातला फोन वाजला, साडेसातला परत वाजला. भावजयीचा, इमेल्डाचा नंबर. "आत्ताच बरी आठवण झाली," असं पुटपुटत नोरीनने तो वाजू दिला. आठला ती स्टेशनात पोचली, तर अंत्यविधीवाल्याकडून आलेल्या वार्तांमध्ये सगळ्यात वर नाव होतं, मॅलकी डर्कन.

ती खुर्चीत बसली आणि वाचत सुटली. पत्नी इमेल्डा, मुलगी ग्रेस, जावई, मेहुणे, त्यांची मुलं, चुलतभावाची बायको. बहीण कुठे नाही. तीन वेळा वाचलं. आणि खाली ती ओळ : घर फक्त घरच्यांसाठी.

"चुलतभावाची बायको घरची, आणि मी कोण?" ती मोठ्यानं म्हणाली. ऐकायला खोलीत कुणी नव्हतं. यादीत नाव नाही म्हणजे ती घरची नाही, आणि ही ओळ वाचली म्हणजे तिला दारही बंद. बुधवारी माती. पेटी बंद व्हायच्या आत भावाचा चेहरा एकदा बघायचा होता, बस्स. ओळ वाचलीच नाही, तर सगळं गाव जाईल, आणि गर्दीत तीही जाईल. तिनं पेन घेतलं आणि ओळ खोडली. अठ्ठावीस वर्षांत तिनं कुणाच्या वार्तेतला स्वल्पविराम हलवला नव्हता.

नऊला तिनं वाचलं. आवाज हलला नाही.

अकराला ती पोचली तेव्हा रस्त्याच्या दोन्ही अंगांना मोटारी लागल्या होत्या. बायका सफरचंदाचे केक, हॅमचे सँडविच घेऊन उतरत होत्या. पुढच्या खोलीत रांग भिंतीला लागून उभी होती. मधोमध पेटी. आणि पेटीला झाकण.

इमेल्डानं तिला पाहिलं, दंडाला धरून स्वयंपाकघरात नेलं.

"ओळ चुकून राहिली, का गाळलीस?"

"गाळली."

"का गं?"

"मला त्याला बघायचं होतं. यादीत माझं नाव नव्हतं."

इमेल्डा स्टुलावर बसली. "नाव त्यानंच ठेवू दिलं नाही. म्हणाला, वाचणार तीच आहे. स्वतःचं नाव आलं की बिचारीचा आवाज फुटेल, आणि सगळा जिल्हा ऐकेल. तिला फोन करून बोलाव. सातला केला, साडेसातला केला."

नोरीननं ते दोन्ही वाजू दिले होते.

"जबड्याचा कॅन्सर होता. शेवटचे कित्येक महिने घराबाहेर पडला नाही, कुणाला कळू दिलं नाही. अर्धा चेहरा खाल्ला होता. मला कुणी बघू नये, एवढं एकच मागणं होतं त्याचं. मी, ग्रेस आणि तू सोडून. दहाला आठजण सरळ आत शिरले. दार उघडंच असतं की आपल्याकडे. बघितलं त्यांनी, नोरीन. एका बाईनं तोंडावर हात धरला. मग मी झाकण लावलं आणि स्क्रू पिळून घेतले." इमेल्डाचा आवाज चढला नाही, तेच वाईट होतं. "सरकारी पेन्शन खायचा, आणि रोज नऊला तुझं खाजगी स्टेशन लावून बसायचा."

"एकदा उघडता नाही येणार? माझ्यापुरतं?"

"इतक्या लोकांसमोर? आता मातीपर्यंत कुणी ना कुणी असणारच. परत त्याची तीच शोभा करू?"

तिचं बरोबर होतं. नोरीनलाही ते कळत होतं. इमेल्डानं तिला पुढच्या खोलीत आणलं, पेटीच्या डोक्याकडची आपली खुर्ची ओढून दिली.

"बस इथे. मला आता उभं राहवत नाही. बोलावलंस तू, हात तूच मिळव."

नोरीन बसली. रांगेतला पहिला माणूस पुढे झाला, टोपी काढून म्हणाला, "वाईट झालं हो. चेहरा शांत होता का त्याचा?"

"हो," नोरीन म्हणाली, आणि पुढच्याचा हात हातात घेतला.