भोंग्याचं घसरतं गाणं

तिचं खरं नाव चांगलं लांबलचक आणि शोभिवंत होतं, पण ते परीक्षेच्या हॉलबाहेर कधी कामाला आलं नाही. जन्मल्यावर ती अशी काही रडली, की नर्सने बाळ बाबांच्या हातात देताना सांगितलं, "सांभाळा, भोंगा आहे." बाबांना ते जागच्या जागी पटलं. तेव्हापासून घरात, जिन्यात, शाळेत आणि पुढे स्टेजवरही ती भोंगाच राहिली. भोंगा आला की आली, याचा निकाल कुणी लावला नाही.

बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे आणि आई पडद्यांच्या कारखान्यात शिवणकाम करायची. दोघं दोन वेगळ्या भाषांमधली. प्रेम त्यांनी शहराच्या भाषेत केलं. ती दोघांनाही धड येत नव्हती, म्हणूनच लग्न जमलं, असं आईचं म्हणणं होतं. घरात पाढे बाबांच्या भाषेत व्हायचे, भांडण आईच्या भाषेत आणि खोटं बोलायचं तर शहराच्या. चौथी भाषा तळमजल्यावरच्या मावशीची. आई कामावर गेली की भोंगा मावशीकडे असायची. मावशीने तिला अंगाई शिकवली आणि शिव्याही शिकवल्या. दोन्ही एकाच गोड चालीत म्हणायची तिची पद्धत असल्यामुळे भोंग्याला बरीच वर्षं त्यातला फरक कळला नाही. शाळेच्या पहिल्या स्नेहसंमेलनात तिने डोळे मिटून जे आळवलं ती अंगाई नव्हती. सुदैवाने ते समजणारा एकच पालक हॉलमध्ये होता, आणि तो हसून हसून बाहेर गेला.

आवाज आहे तर त्याला वळण लावा, असं मुख्याध्यापिका म्हणाल्या, म्हणून तिला पाश्चात्त्य शास्त्रीय गाणं शिकायला गाण्याच्या बाईंकडे घातलं. बाई उंच, ताठ आणि सतत सर्दी झाल्यासारख्या नाराज असायच्या. त्यांच्या खोलीत एक पियानो, एक कडक खुर्ची आणि एक जाडजूड शब्दकोश होता. पहिलं वर्षभर भोंगा गायलीच नाही. जमिनीवर उताणी पडायचं, पोटावर शब्दकोश ठेवायचा आणि श्वासाने तो वरखाली करायचा. बाबांनी एकदा दारातून ते पाहिलं आणि आपण मुलीला गाण्याला घातलंय की व्यायामशाळेत, असा त्यांना प्रश्न पडला. पण बाईंच्या हाताखाली आवाज चढत गेला, स्थिर झाला, काचेसारखा स्वच्छ झाला. बाई कौतुक करत नसत. फारच चांगलं झालं तर "पुढे" म्हणत.

बिघाड झाला तो ठोंब्यामुळे. ठोंब्या बेकरीची गाडी चालवायचा आणि उरलेल्या वेळात बेस गिटार वाजवायचा. आईच्या कारखान्याशेजारच्या गॅरेजमध्ये तो आणि त्याचे मित्र सोल नावाचं, काळजातून गायचं अमेरिकन संगीत वाजवायचे. आईचा डबा द्यायला गेलेली भोंगा तिथे थांबली. सूर एका जागी उभा राहत नव्हता. तो वाकत होता, लोंबत होता, खाली सांडत होता, आणि तरी काही मोडत नव्हतं. आईला त्या दिवशी डबा थंडगार मिळाला. भोंगा मात्र त्या गॅरेजमधून पुन्हा पूर्णपणे कधी बाहेर आलीच नाही.

बाईंच्या वार्षिक कार्यक्रमात तिला एक जुनं, कडक शिस्तीचं गीत दिलं होतं. दोन कडवी तिने पाठ केल्याप्रमाणे म्हटली. तिसऱ्यात तिला काय झालं कोण जाणे. वरच्या सुरावरून ती जी घसरली, ती मावशीच्या भाषेत एक हुंकार देऊन थेट तळाला जाऊन थांबली. मागच्या रांगेतून शिट्टी आली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी पियानोचं झाकण बंद केलं आणि पडद्यामागे येऊन शांतपणे विचारलं, "तू गाणं म्हणत होतीस की जिन्यावरून पडत होतीस?"

भोंगा म्हणाली, "बाई, मला तसंच गायचंय."

"मग पडायला माझी गरज नाही. उद्यापासून येऊ नकोस."

घरी येऊन ती आईच्या भाषेत तासभर भांडली. समोर कुणी नव्हतं, तरी भांडली.

त्यानंतरची वर्षं तिने ठोंब्याच्या चमूबरोबर मिळेल तिथे गाण्यात घालवली. हॉटेलांत, लग्नांत, एकदा तर फर्निचरच्या दुकानाच्या उद्घाटनाला एका सोफ्यावर उभं राहून. गाणी ती स्वतः लिहायची आणि त्यांत चारही भाषा यायच्या, कारण तिच्या डोक्यातच त्या वेगळ्या राहत नव्हत्या. एका गाण्यात तर नवराबायकोचं भांडण ओळीच्या मध्येच भाषा बदलायचं. ते ऐकून आईबाबा दोघंही एकमेकांकडे बघून म्हणाले, हे तुझ्यावरच आहे.

पोटापाण्याची सोय बाबांनीच केली. त्यांच्या लिफ्ट कंपनीला चार भाषांमध्ये सूचना सांगणारा आवाज हवा होता. चार माणसं बोलवण्याऐवजी बाबांनी आपली एकच मुलगी पुढे केली. झालं, शहरातल्या निम्म्या लिफ्टांमध्ये भोंगा बोलू लागली. दरवाजा बंद होत आहे, कृपया मागे सरका. तिचं गाणं कुणी ऐकत नव्हतं, पण तिच्या सांगण्यावरून सगळं शहर मागे सरकत होतं.

याच सुमारास एका रेकॉर्ड कंपनीचा माणूस तिला भेटला. त्याची दाढी इतकी कोरीव होती, की ती सांभाळायला वेगळा माणूस असावा असं वाटायचं. दाढीवाल्याला आवाज आवडला होता. अडचण एवढीच होती, की भाषा एक ठरवावी लागेल, ऐकणारा गोंधळतो. आणि आवाज जरा जास्तच स्वच्छ आहे, थोडा खरखरीत करता येईल का? सोल म्हणजे जखम दिसायला हवी. मग त्याने हळू आवाजात विचारलं, "तुमच्या आयुष्यात काही वाईट घडलंय का?"

भोंग्याने मनापासून विचार केला. "अपेंडिक्स काढलंय," ती म्हणाली.

दाढीवाल्याने ते लिहून घेतलं. दोन दिवसांनी तिने त्याला नकार कळवला. ठोंब्याने बेकरीच्या गाडीत बसून बराच वेळ तिच्याशी अबोला धरला, मग एक पाव मोडून अर्धा तिला दिला.

पहिली रेकॉर्ड त्यांनी आपली आपणच केली, आईच्या कारखान्यात, सुटीच्या दिवशी. छतापासून जमिनीपर्यंत जाड मखमली पडदे टांगलेले होते, त्यामुळे आवाज घुमत नव्हता. कापड कापायच्या टेबलाखाली रेकॉर्डिंगची यंत्रं ठेवली. कोरसला आईच्या बरोबरच्या तिघी शिवणकाम करणाऱ्या बायका उभ्या राहिल्या. त्यांना सुरात गा म्हणण्याची कुणाची छाती झाली नाही, आणि नेमकी तीच गंमत झाली. रेकॉर्ड बाहेर आली. थोड्या लोकांना फार आवडली आणि बाकीच्यांना ती आल्याचंही कळलं नाही. एका वर्तमानपत्रवाल्याने विचारलं, तुम्ही नक्की कुठल्या? ती म्हणाली, "तिसऱ्या मजल्यावरच्या." त्याने ते छापलं नाही.

मग एका दुपारी बाबा कामावरून आले ते जरा दबकतच. हॉस्पिटलमधली लिफ्ट दुरुस्त करायला गेले होते. हाडांच्या वॉर्डात, लिफ्टच्या अगदी समोरच्या खाटेवर बाई होत्या. बाथरूममध्ये पाय घसरून खुबा मोडला होता. त्यांनी बाबांना बोटाने जवळ बोलावलं आणि म्हणाल्या, लिफ्टमधली मुलगी तुमचीच ना? तिला पाठवून द्या.

बाईंना काय काय ऐकवायचं, हे भोंग्याने इतक्या वर्षांत पुष्कळदा ठरवून ठेवलं होतं. चारही भाषांमध्ये तयार होतं. पण खाटेवरच्या बाई निम्म्या झाल्या होत्या, केस विस्कटले होते, आणि पाय दोरीने वर टांगलेला होता. तिच्या तोंडून एवढंच निघालं, "बाई, फार दुखतंय का?"

"तुझ्यामुळे जास्त," बाई म्हणाल्या. "दिवसभर ऐकतेय. बंद करायची सोय नाही. चौथ्या भाषेत 'मागे सरका' म्हणताना तुझा श्वास संपतो."

"बाई, ती लिफ्ट आहे."

"म्हणून काय झालं?"

 मग बाईंनीच विचारलं, ते घसरणं अजून चालू आहे का. भोंगा म्हणाली, चालू आहे. बाई म्हणाल्या, "म्हण."

वॉर्डात बाकीच्या खाटा भरलेल्या होत्या. तिने दबक्या आवाजात तेच भांडणाचं गाणं म्हटलं. शेजारच्या खाटेवरच्या पेशंटने टीव्हीचा आवाज कमी केला, हे ऐकायला की तक्रार करायला, ते नीट कळलं नाही. बाई डोळे मिटून ऐकत होत्या. गाणं संपलं. नर्स येऊन नाडी पाहून गेली.

"मी तेव्हा चुकीच्या गोष्टीवर रागावले," बाई अखेर म्हणाल्या. "तू घसरतेस ते बिघडत नाही. पण उतरणार कुठे, हे तुलाच माहीत नसतं. जिथे थांबशील ती जागा, असं चाललंय. मी बाथरूममध्ये तशीच घसरले. घसरायचं तर उतरायची जागा आधी ठरव."

ती बाहेर आली ती संतापून. एवढ्या वर्षांनी बोलावून पुन्हा चूकच काढली. माफीचा एक शब्द नाही. लिफ्टमध्ये शिरली तर तिचाच आवाज तिला मागे सरकायला सांगू लागला, आणि तिने मावशीकडून शिकलेलं सगळं त्या स्पीकरला ऐकवलं. पण गॅरेजमध्ये ठोंब्याबरोबर गायला उभी राहिली तेव्हा तिने स्वतःलाच ऐकलं. बाईंचं खरं होतं. प्रत्येक घसरणीच्या शेवटी ती अंधारात पाय चाचपडत होती. टाळ्या पडायच्या म्हणून ते कधी जाणवलंच नव्हतं.

ती पुन्हा हॉस्पिटलमध्ये गेली, आणि मग जातच राहिली. बाई उताण्या पडून शिकवायच्या. एकेका घसरणीची जागा पक्की व्हायला आठवडे लागत. शेजारच्या खाटेवरची पेशंट घरी जायच्या दिवशी म्हणाली, मला बरं वाटलं ते औषधाने, गाण्याने नाही, पण शेवटचं जरा बरं जमत होतं. बाईंनी कधी माफी मागितली नाही आणि भोंग्यानेही मागितली नाही. एकदा मात्र एका लांब घसरणीनंतर बाई नुसतं "पुढे" म्हणाल्या, आणि भोंगा पाणी आणायच्या निमित्ताने बाहेर जाऊन थोडी रडली.

दुसरी रेकॉर्डही पडद्यांमध्येच झाली. ही लोकांनी ऐकली. इतकी ऐकली की हॉलमध्ये खुर्च्या कमी पडू लागल्या. कार्यक्रमाच्या सुरुवातीला ती नमस्कार म्हणायची, तेवढ्यानेच निम्मी माणसं दचकून मागे सरकायची. बाई काठी टेकत एका कार्यक्रमाला आल्या आणि मध्यंतरातच निघून गेल्या. खुर्च्या वाईट आहेत, असा निरोप ठेवून.

दाढीवालाही पुन्हा उगवला. आता अनेक भाषांची चलती होती. आणखी दोन भाषा घालता येतील का, त्याने विचारलं. भोंग्याने त्याला मावशीच्या भाषेत एक छोटं वाक्य फार गोड आवाजात सांगितलं. अर्थ काय, असं त्याने विचारल्यावर ती म्हणाली, आभारी आहे. त्यानेही तेच वाक्य तिला परत म्हणून दाखवलं आणि हात हलवत गेला.

हल्ली ती गाते, लिफ्टमध्ये बोलते आणि आठवड्यातून एक दिवस शिकवते. हे शिकवणं तिच्या डोक्यात नव्हतं. एके सकाळी एक दातांची डॉक्टर दारात उभी राहिली. चाळिशीची, नीटनेटकी, हातात बाईंची चिठ्ठी. चिठ्ठीत लिहिलं होतं, 'हिला घसरायचंय. माझ्याच्याने होत नाही. तू बघ.'

डॉक्टरबाईंचा आवाज स्वच्छ होता, अगदी सरळसोट. भोंग्याने त्यांना वरच्या सुरावरून खाली यायला सांगितलं. त्या निघाल्या, मध्येच घाबरल्या, आणि घशातून दात कोरायच्या यंत्रासारखा बारीक आवाज आला. दोघींनाही तो एकाच वेळी ओळखू आला. डॉक्टरबाई हसून खुर्चीत बसल्या, पेशंट माझ्यापुढे असेच बसतात म्हणाल्या, आणि डोळे पुसून पुन्हा उठल्या.

"घाई नाही," भोंगा म्हणाली. "आधी सांगा, उतरणार कुठे?"