दवाखान्याच्या भिंतीवरचं वाक्य

आमच्या जिन्याखाली टेबल मांडून इस्त्री करणाऱ्या मावशींना घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. कॉलरवरून इस्त्री फिरवता फिरवता त्या येणाऱ्या-जाणाऱ्याची फिरकी घ्यायच्या. "सर, सदरा कडक केलाय, आता तुम्हीही जरा ताठ चाला," हे मला ठरलेलं.

मध्यंतरी कोपऱ्यावरच्या दवाखान्याच्या भिंतीवर मोठ्या लाल अक्षरांत रंगवलं गेलं : 'छातीत गाठ? उशीर कराल, तर जीव गमवाल.' तेव्हापासून मावशींची थट्टा आटली. कपडे पोचवायला त्या मागच्या गल्लीतून, वळसा घालून जाऊ लागल्या. एकदा तर माझा सदरा शेजाऱ्यांकडे गेला आणि त्यांची पँट माझ्याकडे आली.

त्यांची सून मात्र डोळ्यांत तेल घालून बघणारी. सासूचा हात सारखा छातीकडे जातो, हे तिनं हेरलं. एका दुपारी मी जिना उतरत होतो, तर खालून तिचा चढलेला आवाज आला.

"कधीपासून आहे गाठ?"

"मागच्या उन्हाळ्यापासून."

"आणि मला आज कळतंय, आई?"

"अगं, भिंतीवरचं वाचलंय मी. उशीर केला की जीव जातो. मी तर केलाय उशीर. आता जाऊन काय, मरायची तारीख विचारून येऊ?"

लिहिणाऱ्यानं ते वाक्य लोकांनी घाई करावी म्हणून लिहिलं असणार. ज्यांना आधीच उशीर झालाय, त्यांच्यासाठी त्यात एक शब्दही नव्हता.

सून म्हणाली, "कपडा करपायला लागला की इस्त्री उचलता ना? की करपलाच आहे म्हणून तशीच ठेवता?"

"कपड्याचं काय, नवा घेता येतो."

"म्हणूनच म्हणते, उठा. नवी सासू कुठं शोधू? या एकीला वळण लावतानाच माझा जीव गेलाय!"

मावशी हसल्या, आणि हसता हसताच रडायला लागल्या.

त्याच दुपारी दोघी दवाखान्यात गेल्या. डॉक्टरबाईंनी हातानं तपासलं आणि म्हणाल्या, "सुईनं तपासायला हवं. त्याआधी काही सांगता येणार नाही."

"पण उशीर झालाय ना?"

"झालाय थोडा. म्हणून तर आजच करू."

सून सांगते, सुई टोचली तेव्हा मावशी तिचं मनगट सोडेनात.

रिपोर्ट अजून यायचाय. फोन वाजला की मावशी इस्त्री उभी करून ठेवतात आणि म्हणतात, "सूनबाई, तूच घे गं."