झेब्रा क्रॉसिंगवरची तलवार

"तलवार खाली ठेवा, हेर साठे," गेटवरचा सिक्युरिटीवाला म्हणाला. जर्मनमध्ये हेर म्हणजे श्रीयुत. रोज सकाळी हाच माणूस मला हसून "मोर्गेन", म्हणजे सुप्रभात, म्हणायचा. आज त्याचा एक हात फोनवर होता.

साल दोन हजार आठ. जर्मनीत वोल्फ्सबुर्गजवळ गाड्यांचे पार्ट्स बनवणाऱ्या एका कंपनीत मी क्वालिटी इंजिनियर होतो. त्या क्षणी अंगात सूट, डोक्याला फेटा आणि दोन्ही हातांवर, जरीच्या शेल्यात, बारशाच्या बाळासारखी, म्यानासकट आडवी धरलेली तलवार.

आमचे बॉस हेर क्र्यूगर त्या दिवशी रिटायर होत होते. माझं कॉन्ट्रॅक्ट तात्पुरतं होतं. ते पर्मनंट करायच्या कागदावर जाताजाता सही करणं त्यांच्या हातात होतं. नवा बॉस मला ओळखतही नव्हता. सही झाली नाही तर डिसेंबरात आम्ही सहकुटुंब परत पुण्याला.

निरोपाला मी बियरचा मग देणार होतो. पाहुणे आलेले सासरे म्हणाले, "जावईबापू, मोठ्या माणसाचा सत्कार मगाने करतात?" त्यांनी माझ्या भिंतीसाठी चेक-इन सामानातून मानाची तलवार आणली होती. तीही धार लावून, कारण बिनधारेची तलवार नाटकातली.

"निदान बॅडमिंटनच्या बॅगेत तरी घाल," बायको म्हणाली.

"पिशवीतून कांदे नेतात, शस्त्र नाही," सासरे म्हणाले. सासऱ्यांशी वाद न घालणं ही माझी लग्नापासूनची प्रोसेस आहे. त्यात आजवर एकही ऑडिट फाइंडिंग नव्हतं.

पोलीस आले. त्यातल्या बाईंनी शांतपणे विचारलं, "धार आहे?"

"या, गेनाऊ," म्हणजे हो, अगदी, असं मी म्हणालो. वर अभिमानाने हसलोही. बोथट असती तर ती शोभेची वस्तू ठरली असती, हे मला नंतर कळलं.

"याच वर्षी कायदा कडक झालाय," बाई म्हणाल्या. "सार्वजनिक जागी हे बाळगता येत नाही."

"गाडीत होती तेव्हा?"

"कुलूपबंद डिकीत? तो ट्रान्सपोर्ट. चालतो."

"आणि कंपनीच्या आत?"

"खाजगी जागा. मालकाची हरकत नसेल तर चालतं. पण पार्किंग आणि गेटच्या मधला रस्ता सार्वजनिक आहे."

म्हणजे पार्किंगमध्ये मी सज्जन, बॉसच्या केबिनमध्ये सज्जन, आणि झेब्रा क्रॉसिंगवर सशस्त्र.

"मी दर गुरुवारी याच रस्त्याने रायफल घेऊन शूटिंग क्लबला जातो," सिक्युरिटीवाला मदतीच्या सुरात म्हणाला. "पेटीला कुलूप लावायचं, बस."

"पण ही आमची परंपरा आहे," मी म्हणालो.

बाईंचा चेहरा उजळला. "मग तर परंपरेला सूट आहे. कोणता उत्सव?"

"हेर क्र्यूगरची रिटायरमेंट."

त्यांनी खरोखर विचार केला. उन्हाळ्यात गावोगावी पुरुषमंडळी वर्दी घालून, बँड लावून, खांद्यावर बंदुका घेऊन निघतात, ती परंपरा त्यांना पाठ होती. फेट्याची परंपरा अजून सिद्ध व्हायची होती. तलवारीला लाल टॅग लागला. म्यान मात्र परत मिळालं. म्यान शस्त्र नाही.

लाल टॅग माझ्या ओळखीचा. आमच्याकडे संशयित पार्टला तो लावून जाळीआड कोंडतात. त्या जागेला श्पेरलागर म्हणतात. आठवड्यापूर्वीच मी एका सप्लायरचा अख्खा माल तिथे टाकला होता, कारण तो पॅकिंगशिवाय आला होता. पार्ट्स चांगलेच होते. बिचारा विनवण्या करत होता. मी त्याला नियम वाचून दाखवला होता.

निरोप समारंभात मी म्यान पुढे केलं. हेर क्र्यूगरनी ते हलवून पाहिलं.

"आत काय असतं?"

"जे असतं ते पोलिसांकडे आहे."

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. माझा कागद टेबलावरच पडला होता. "पॅकिंग नव्हतं?"

"नव्हतं."

"मग आधी 8D लिहा. सही नंतर बघू."

8D म्हणजे आमच्या धंद्यातला तक्रारीचा रिपोर्ट. काय बिघडलं, का बिघडलं, पुन्हा कसं होणार नाही. त्यात पाच वेळा "का?" विचारत मूळ कारणापर्यंत जायचं असतं. लोक केक खात होते, मी कोपऱ्यात लिहीत होतो. पाचव्या "का?"च्या उत्तरात सासरे आले. मी लिहिलं, "बाह्य सप्लायर."

हेर क्र्यूगरनी पेन काढलं आणि ते खोडलं. "माल कुणाचाही असो. गेटबाहेर जाताना तपासायचं काम कुणाचं?"

"माझं."

त्यांनी तेवढं लिहिलं आणि त्याच पेनने दुसऱ्या कागदावर सही केली. "इथे राहा," ते म्हणाले, "पण पॅकिंगसकट."

घरी सासरे दारातच उभे. "काय, लावली भिंतीवर?"

"म्यान लावणार आहेत, बाबा."

"आणि तलवार?"

"सरकारने ठेवून घेतली."

सासऱ्यांची छाती फुगली. "बघ," ते लेकीला म्हणाले, "बियरचा मग दिला असता तर सरकारने विचारलं असतं का?"

दुसऱ्या दिवशी मी कुलूप विकत घेतलं. गणपतीला मित्राकडे नारळ खवायला आम्ही आजही आमची विळी नेतो. पेटीत, कुलूप लावून. किल्ली बायकोकडे असते.