भिंतीपलीकडची गल्ली

मंगळवेढ्याच्या स्टँडवर एसटी सुटली तेव्हा आई खिडकीतून मामाला सांगत होती, “लेकीच्या घरी किती दिस ऱ्हायचं? येतेच की माघारी.” वडील गेल्यावर मी तिला सोलापूरला माझ्याकडे घेऊन निघाले होते. ती कायमची राहील का, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

आम्ही प्लॉट घेतला तेव्हा दारापुढे ज्वारी उभी होती. आता गच्चीवर जावं तर नजर पोचेल तिथवर घरं. दिवेलागणीला आई माझ्याशेजारी उभी राहून बघत राही. एवढी माणसं कुठून आली, कुठं मावली, याचं नवल तिला होतं आणि मला तिच्याहून जास्त होतं.

पण ज्यानं त्यानं रस्ते केले ते आपापल्या लेआउटपुरते. आमची गल्ली एका उंच भिंतीशी संपायची, पलीकडच्या सोसायटीची गल्लीही त्याच भिंतीशी. पलीकडे जायचं तर हायवेपर्यंत वळसा, रिक्षाशिवाय जमायचं नाही. आईचे गुडघे आधीच कुरकुरणारे. दुपारी ती भिंतीच्या सावलीत बसे. पलीकडे लक्ष्मीअम्मा बसत, तेलुगू विणकर घरातल्या. दोघी भिंतीआडून बोलत. तोंड बघितलेलं नाही, पण एकमेकींच्या लेकी-सुनांपासून सांध्यांपर्यंत सगळं ठाऊक.

मग ड्रेनेजच्या पाइपसाठी कामगारांनी भिंतीचा तुकडा पाडला. धुरळा बसल्यावर दोघी समोरासमोर आल्या. आई म्हणाली, “मला वाटलं तू लई थोराड असशील.” आणि दोघी पदर तोंडाला लावून हसत सुटल्या.

आठवडाभरात तिथून दूधवाले, पलीकडच्या एसटी थांब्यावर उतरलेली माणसं, सायकलवरच्या मुली, देवळाला निघालेल्या बायका ये-जा करू लागल्या. एवढी वर्षं पाठीला पाठ लावून बसलेल्या दोन वस्त्या एका भगदाडानं शेजारी झाल्या. मी तर बघतच राहिले. सोसायटीच्या मंडळींना मात्र चोरांची, गाड्यांच्या वर्दळीची धास्ती. भिंत पुन्हा बांधायची म्हणून आमच्याच अंगणात बैठक बसली. पाहुणी म्हणून मागे बसणारी आई उठली.

“आमच्याकडं रानातनं पाऊलवाट आसती. दरसाल आमी ती नांगरतो, वर ज्वारी पेरतो. लोक जातात त्यातनंच, वाट परत पडती. पेरलेल्या रानात कुनाला आडवत न्हाय. हितं तर कायबी पेरल्यालं न्हाय की.”

भगदाड राहिलं, पुढे गाड्या येऊ नयेत म्हणून दोन खांब तेवढे रोवले.

गावाकडचे विचारतात, तिकडं करमतं का. माझ्यासारखे बाहेर पडलेले विचारतात, आपलं घर नक्की कुठलं. मी इतकी वर्षं दोघांनाही गोल गोल उत्तरं दिली. परवा आईला मामाचा फोन आला, आक्का, घरी कधी येतेस म्हणून. मी स्वयंपाकघरात होते, हातातली पोळी तशीच राहिली.

आई म्हणाली, “घरीच हाय की मी. तूच ये. आन् भिंतीतनं ये, जवळ पडतंय.”