इंजिनाची कंबर

चिक्कडपल्लीतल्या आमच्या गच्चीवरची खोली भाड्याने द्यायची, असं बायकोने ठरवलं होतं. त्या खोलीत माझी छोटी आगगाडी पसरलेली आहे. बायको तिला खेळणं म्हणते, मी छंद म्हणतो. एका रविवारी सकाळी एक वयस्कर गृहस्थ खोली बघायला आले. त्यांच्या कमरेला कंबरदुखीचा पट्टा होता, त्यामुळे बाजूला नुसतं बघायचं झालं तरी ते अख्खे वळायचे.

त्यांनी खोली बघायच्या आत मी इंजिन सुरू केलं. वाफेवर चालणारं, मधोमध सांधा असलेलं हे लांबलचक इंजिन वळणावर कमरेत वाकतं, निदान वाकायला हवं. माझं प्रत्येक वळणावर रूळ सोडायचं. सांधा डुगडुगतो म्हणून तिथला स्क्रू मीच गच्च आवळला होता. तरी त्या गृहस्थांपुढे मी रुळांच्या दर्जावर चांगलं व्याख्यान झोडलं. तेवढ्यात इंजिन पुन्हा आडवं झालं.

ते अख्खे माझ्याकडे वळले. "मेरे सरीखाच घूम रा साब ये," पट्ट्यावर हात ठेवून ते म्हणाले. "इसकू भी डॉक्टर पट्टा बांधो बोले क्या?"

मी गुपचूप स्क्रू सैल केला. इंजिन झुलत झुलत वळण पार करून गेलं. मग पाणी भरत, तेल घालत आम्ही दोघांनी ते दुपारपर्यंत पळवलं.

ते गेल्यावर बायकोने विचारलं, "आवडली का खोली? नाव काय त्यांचं?"

मला फक्त इंजिनाचं नाव सांगता आलं असतं.