माझ्या हाताच्या मापात

आमच्या वहिनीचा हात कापतो. आजार जिवावरचा नाही, पण तिने कप बशीत ठेवला की घरभर ऐकू जातं. प्रयोगशाळेत मात्र हा हात तिच्या मुळावर आला. डीएनए वाचणाऱ्या यंत्राला नमुना आयता लागतो. पेशी फोडा, डीएनए वेगळा करा, धुवा, सगळं थेंबाथेंबानं. वहिनीचा थेंब शेजारच्या नळीत पडायचा. साहेबांनी तिला सामान मागवायला बसवलं, वर "तेवढाच आराम" म्हणाले. असल्या दयेची मला चीड आहे. वहिनीला माझ्याहून जास्त.

पुढे प्रयोगशाळेकडे काम आलं: अंतराळस्थानकासाठी ही तयारी आपोआप करणारी पेटी हवी होती. तिथे थेंब खाली पडत नाही आणि माणसाचे पाय ठरत नाहीत.

"म्हणजे तिथे सगळ्यांचेच हात माझ्यासारखे," वहिनी जेवताना म्हणाली. दादाला ठसका लागला.

पेटी तिनेच आखली. आत बंद नळ्या आणि बारके पंप. माणसानं फक्त नमुन्याची कुपी खोचून बटण दाबायचं. कवच माझ्या वर्कशॉपमध्ये झालं. कुपीचं भोक मी अगदी मापात पाडलं, तर वहिनीबाईंनी कवच परत पाठवलं.

"कुपीच्या मापात नको. माझ्या हाताच्या मापात कर."

मी चरफडत नरसाळ्यासारखं पसरट तोंड करून दिलं.

चाचणीला मीही हजर होते. पेटी नापास झाली, तर वहिनी पुन्हा सामान मागवायला जाणार होती. कुपी खोचायला साहेबांनी स्थिर हाताचा तंत्रज्ञ बोलावला. वहिनी त्याला आडवी आली.

"मी खोचणार."

"हट्ट कशाला? चुकलं तर?"

"तर पेटी नापास करा. माझ्या हातून चालली नाही, तर वर कुणाच्याच हातून चालणार नाही."

कुपी काठावर टकटक आपटली. मग ती उतारावरून घसरली आणि खटकन बसली. आत वहिनीचीच थुंकी होती. संध्याकाळी यंत्राच्या पडद्यावर तिच्या डीएनएची अक्षरं ओळीनं उमटली.

"अभिनंदन," साहेब म्हणाले. "पुढच्या पेट्या आता तंत्रज्ञ तपासेल."

वहिनीनं हात पुढे केला. साहेबांनी तो धरला, आणि त्यांचाही हात कोपरापर्यंत हलायला लागला. तिनं सोडला नाही.

"प्रत्येक पेटी मीच तपासणार," ती म्हणाली. "असा हात तुमच्याकडे दुसरा कुणाचा आहे?"